कुलूपबंद अक्षरे आणि मुक्त प्रणाली : मराठी टंकांच्या बाजाराचा एक अध्याय

‘लोहित’ म्हणजे तांबडा. लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक उघडून टंकांची यादी पाहिली, तर बहुधा ‘लोहित देवनागरी’ हे नाव दिसते. टंकांचे हे कुटुंब ‘रेड हॅट’ या अमेरिकी कंपनीने प्रसृत केले. कंपनीच्या नावात तांबडी टोपी आहे, म्हणून टंकही तांबडे. नावामागची गंमत एवढ्यावर संपते. पुढचा भाग मात्र आपल्या भाषेच्या अलीकडच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा आहे. हे टंक रेड हॅटला पुरवले ते पुण्याच्या ‘मॉड्युलर इन्फोटेक’ने, म्हणजे ‘श्री-लिपी’ या पॅकेजच्या निर्मात्यांनी. मराठी अक्षरे विकत देणे हा ज्यांचा धंदा, त्यांच्याच हातची अक्षरे जगभर फुकट वाटण्यासाठी मोकळी झाली. हे कसे घडले, आणि त्यातून सीमेच्या या बाजूला राहणाऱ्या मराठी माणसाच्या पदरी काय पडले, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

आधी त्या धंद्याचे स्वरूप समजून घेऊ. भारतीय लिप्यांना संगणकावर आणण्याचे पहिले गंभीर काम सरकारी आश्रयाने झाले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले आणि ‘जिस्ट’ या नावाने वाढले. डॉसच्या काळात संगणकात जिस्टचे कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. या कामाचा पाया होता ‘इस्की’ ही संकेतप्रणाली. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने तिला आय.एस. १३१९४ या क्रमांकाने मानकाचा दर्जा दिला. इस्कीची कल्पना फार सुंदर होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांतील समान वर्णाला एकच संकेत. ‘क’ मराठीतला असो की गुजरातीतला, यंत्राच्या लेखी तो एकच. त्यामुळे मराठीत लिहिलेला मजकूर लिपी बदलताच गुजराती अक्षरांत दिसू शके. आमच्या चलथाणसारख्या गावात, जेथे एकाच घरातले आजोबा देवनागरी वाचतात आणि नातू गुजराती, तेथे या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको.

पण छापखान्यांचा बाजार इस्कीच्या वाटेने गेला नाही. त्याला कारण होते. विंडोज आणि मॅकिंटॉश यांवर पेजमेकर, कोरलड्रॉ अशी पृष्ठमांडणीची साधने आली. ही साधने इंग्रजीसाठी बनलेली. जोडाक्षर म्हणजे काय, वेलांटी उच्चाराने नंतर येऊनही व्यंजनाच्या आधी का काढायची, याची त्यांना कल्पना नव्हती. मग टंक बनवणाऱ्यांनी एक युक्ती काढली. इंग्रजी टंकात जी दोनशे छप्पन्न घरे असतात, त्यांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. एका घरात अर्धा ‘क’, एकात काना, एकात वेलांटी, एकात रफार. संगणकाच्या समजुतीने आपण इंग्रजीच टाइप करत असतो. केवळ डोळ्याला दिसते ते मराठी. युक्ती चपखल होती आणि तिने मराठी मुद्रणव्यवसायाला खिळ्यांच्या जुळणीतून बाहेर काढले, हे मान्य करावेच लागेल. श्री-लिपी, सी-डॅकचे ‘आयएसएम’, बंगळुरूच्या सायबरस्केप मल्टिमीडियाचे ‘आकृती’ ही या काळातली नावे. ‘श्री-देव-०७०८’ हा टंक तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही डीटीपी चालकाला पाठ.

अडचण अशी की कोणत्या घरात कोणता तुकडा ठेवायचा, हे प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठरवले. श्री-लिपीत लिहिलेला मजकूर आकृतीच्या टंकात उघडला तर निव्वळ कचरा. टंकच नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी. एकदा एका पॅकेजमध्ये शंभर पुस्तके बसवली की त्या मुद्रकाला आयुष्यभर तेच पॅकेज घेणे भाग. पॅकेजसोबत संगणकाच्या पाठीला लावायचे ‘डाँगल’ येई. ते हरवले तर अक्षरेही हरवली. ग्राहकाला वाटे की आपण टंक विकत घेतो आहोत. प्रत्यक्षात विकले जात होते ते कुलूप, आणि कुलपात ठेवलेली वस्तू ग्राहकाचीच होती.

वकील म्हणून मला येथे थोडे थांबावेसे वाटते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक आज्ञावलीला भरीव संरक्षण मिळाले ते १९९४ च्या दुरुस्तीने. पण अक्षराच्या आकाराचे काय? २००२ साली ‘आनंदा एक्स्पांडेड इटालिक्स’ या टंकाच्या नोंदणीचे प्रकरण कॉपीराइट मंडळापुढे आले, तेव्हा टंकाच्या अक्षराकृती म्हणजे कायद्याच्या अर्थाने कलाकृती नव्हे, असा निर्णय मंडळाने दिला. अक्षर तयार करणाऱ्याच्या श्रमांना कायद्याचे छत्र असे अर्धवट होते. त्यामुळे उत्पादकांनी डाँगलवर आणि गुप्त संकेतांवर भर दिला असेल, तर त्यात केवळ लोभ पाहणे अन्यायाचे होईल. नक्कल करणाऱ्यांनी बाजार भरलेला, न्यायालयाचा आधार अनिश्चित. अशा वेळी माणूस दाराला कुलूपच लावतो. मात्र भाषेच्या दृष्टीने त्याचा परिणाम वाईट झाला, हेही तितकेच खरे.

दरम्यान युनिकोड आले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतंत्र जागा होती, आणि तिची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत या सर्वांसाठी एकच देवनागरी. गुजरातीला निराळी जागा, पण वर्णांचा क्रम समांतर. प्रत्यक्ष वापरात ते आले विंडोज २००० पासून. त्यासोबत ‘मंगल’ हा टंक होता. त्याचे शिल्पकार थोर सुलेखनकार र. कृ. जोशी. विंडोज २००० मध्ये मराठीची सोय होती, गुजरातीची नव्हती; ती पुढे एक्सपीमध्ये आली. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण लिनक्सच्या बाजूला तो उलटा झाला.

लिनक्स ही प्रणाली कोणा एकाच्या मालकीची नाही. तिचा स्रोत सर्वांना खुला आहे, आणि तिच्या गाभ्याचा परवाना, जी.पी.एल., असा की घेणाऱ्याने सुधारणा करून ती पुढे वाटली तर स्रोतही पुढे द्यावा लागतो. अशा बाजारात पेटीबंद वस्तू विकणाऱ्याने काय करायचे, हा प्रश्न त्या काळी जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना पडला होता. कॅनडाच्या कोरल कंपनीने १९९९ साली स्वतःची लिनक्स प्रणालीच बाजारात आणली आणि पाठोपाठ वर्डपरफेक्ट ऑफिस २००० ही आपली कचेरीची साधने लिनक्ससाठी विकायला काढली. प्रणाली ज्याला फुकट मिळाली तो गिऱ्हाईक पेटीसाठी पैसे मोजेना. २००० च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने त्याच कोरलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर गुंतवले आणि २००१ मध्ये कोरलने आपले लिनक्स ‘झँड्रॉस’ला देऊन टाकले. सन मायक्रोसिस्टम्सने दुसरी वाट धरली. १९९९ साली ‘स्टारऑफिस’ विकत घेऊन २००० मध्ये त्याचा स्रोत ‘ओपनऑफिस’ या नावाने खुला केला आणि तयार, आधारसेवेसह मिळणारी आवृत्ती पैसे घेऊन विकणे चालू ठेवले. एकाने वस्तू विकायचा हट्ट धरला, दुसऱ्याने वस्तू मोकळी करून सेवा विकली. आज आपण लिबरऑफिसमध्ये मराठी लिहितो ते या दुसऱ्या वाटेचेच फळ.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट होता, कारण येथे लिनक्सवर मराठी दिसतच नव्हती. २००० साली व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ची चळवळ सुरू केली. मुंबईत व्हीजेटीआयचे प्राध्यापक जितेंद्र शहा यांच्या पुढाकाराने ‘इंडिकट्रान्स’ गटाने काम आरंभले. त्यांचा ‘गार्गी’ हा देवनागरीचा पहिल्या मुक्त युनिकोड टंकांपैकी एक. हौसेने आणि निष्ठेने केलेले काम ते. पण टंक घडवणे हे हौसेचे काम नव्हे. देवनागरीचा एक नीट टंक म्हणजे जोडाक्षरे धरून कित्येक शे आकृत्या, आणि त्या एकमेकींशेजारी कशा बसतील याचे नियम. हे कसब कोणाकडे होते? कुलपे विकणाऱ्यांकडेच.

येथून या इतिहासाला वळण मिळते. आकृतीच्या निर्मात्यांनी आपले भारतीय लिप्यांचे काही टंक जी.पी.एल. परवान्याखाली मोकळे केले. ते जुन्या संकेतांचे होते, युनिकोडचे नव्हते. तरी अक्षरांचे आकार कायदेशीरपणे हाती आले आणि त्यांवरून पुढे बांधकाम करण्याचा हक्कही. मॉड्युलरचे तसे नाही. तेथे एक व्यापारी कंपनी दुसऱ्या व्यापारी कंपनीला माल पुरवते, आणि घेणारी तो माल मुक्त परवान्याखाली वाटते. देणगी नव्हे, धर्मकार्य नव्हे, पुरवठा. मला ही वाट अधिक टिकाऊ वाटते. उत्पादकाला त्याच्या कसबाचे मोल एकदा मिळते आणि त्यानंतर अक्षर समाजाचे होते. प्रत्येक वाचकाकडून, प्रत्येक छापखान्याकडून पुनःपुन्हा कुलपाचे भाडे घेण्यापेक्षा हे बरे. रेड हॅटने पुढे २००७ मध्ये इंग्रजीसाठी हेच केले. ‘असेंडर’ या कंपनीकडून ‘लिबरेशन’ नावाचे टंक करवून घेतले आणि मोकळे केले. पुण्याचा धडा अमेरिकेत गिरवला गेला असे म्हणण्याचा मोह होतो. पण दोन्हींत कार्यकारणभाव होता असा माझा दावा नाही.

आता त्या उलट्या क्रमाकडे येऊ. रेड हॅटने २००५ साली आपल्या व्यावसायिक लिनक्सची चौथी आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यात पाच भारतीय भाषा होत्या : बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि तमिळ. मराठी नव्हती. टंक पुरवणारे पुण्याचे, आणि पहिल्या पंगतीत पान गुजरातीला! यात कोणाचा दुजाभाव शोधू नये. देवनागरी हिंदीसोबत आलीच आहे, मराठीचे काम तीवर भागेल, असा हिशेब सहज होतो. बाजाराचा हिशेब नेहमी लिपी मोजतो, भाषा मोजत नाही. आणि लिपी एक असली तरी मराठीचे भागत नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला आणि अक्षरांची रूपे ठरवून दिली, त्यामागे हीच चिंता होती. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे आपले दोन निराळे शब्द. पहिल्यातला तो पापणीसारखा ‘र’ हिंदी टंकात असेलच असे नाही. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळायला २००८ उजाडावे लागले. तोवर ‘अ’वर चंद्र जोडून वेळ मारून न्यायची.

मराठी पुढे आली. लोहितमध्ये मराठीसाठी वेगळा टंक निघाला, आणि नंतर हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी असे वेगवेगळे टंक एकवटून ‘लोहित देवनागरी’ हा एकच झाला. ओपनटाइप तंत्रात एकाच टंकाच्या पोटात भाषेनुसार वेगळे आकार ठेवण्याची सोय असते, म्हणून हे जमते. पण त्यासाठी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली असावी लागते. वाचकहो, आपल्यापैकी कितीजण ती नोंदवतात? संगणकाला आपली भाषा सांगावी लागते, जनगणनेच्या प्रगणकाला सांगावी लागते तशीच. सीमेपलीकडच्या आपल्यासारख्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

लोहितच्या परवान्याचा एक बारकावा सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सुरुवातीला हे टंक जी.पी.एल.खाली होते. तो परवाना आज्ञावलींसाठी लिहिलेला. टंक मात्र दस्तऐवजात अंतर्भूत होऊन प्रवास करतो. मग प्रश्न असा, की जी.पी.एल.चा टंक माझ्या दाव्याच्या अर्जात अंतर्भूत झाला, तर तो अर्जही जी.पी.एल.खाली येतो काय? ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण परवान्याच्या शब्दांवरून अशी शंका घेता येत होती, आणि म्हणून टंकांसाठी वेगळा अपवाद लिहिण्याची प्रथा पडली. २०११ च्या सप्टेंबरात लोहित ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आणले गेले. हा परवाना स्पष्ट सांगतो की टंक वापरून केलेल्या दस्तऐवजाला त्याची बंधने लागू नाहीत. आणखी एक अट मजेची : टंक एकटा विकायचा नाही, दुसऱ्या आज्ञावलीसोबत विकला तर चालेल. टंकाच्या जुन्या व्यापाराचे दार परवान्याच्याच एका कलमाने असे बंद झाले.

सी-डॅकची भूमिका मात्र विचित्र राहिली. ती सरकारी संस्थाही होती आणि विक्रेतीही. २००५ साली केंद्र सरकारच्या वतीने तमिळ आणि हिंदी टंकांच्या व साधनांच्या सीडी फुकट वाटल्या गेल्या, पुढे मराठीसह इतर भाषांची पाळी आली. म्हणजे जे एका खिडकीत विकायचे, त्याच जातीचे दुसऱ्या खिडकीत वाटायचे. २००७ मध्ये सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणालीच काढली. सरकारी कचेऱ्यांत ती रुजावी अशी अपेक्षा होती. माझ्या व्यवसायामुळे सरकारी कचेऱ्यांत माझे जाणेयेणे पुष्कळ. मला तरी तेथे विंडोजच दिसले. खासगी उत्पादकांनी आपल्या परीने मार्ग काढला. युनिकोडचे ओपनटाइप टंक आणि जुन्या संकेतांतून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक त्यांनी पॅकेजमध्येच घातले. कुलूप विकणाऱ्याने किल्लीही विकायला ठेवली, असे कोणी म्हणेल. म्हणू दे, किल्ली मिळाली हे महत्त्वाचे.

मग जुने संकेत मेले का नाहीत? कारण छापखाना बदलला नाही. अडोबी इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय आली ती २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीत. तोवर युनिकोडमधला मराठी मजकूर पृष्ठमांडणीत नीट बसतच नव्हता. मुक्त जगातले ‘स्क्रायबस’ तर त्याहून मागे. जोडाक्षरे जुळवण्याची क्षमता तिच्या २०१७ च्या विकास-आवृत्तीत आली आणि स्थिर आवृत्ती यायला २०२४ उजाडले. मुक्त प्रणालीचा गौरव करताना तिच्या भक्तांनी ही थकबाकीही मान्य करावी. उधना-लिंबायतपासून कडोदरा-चलथाणपर्यंत खानदेशी माणसाची वस्ती दाट आहे. तिच्या लग्नपत्रिका, वर्धापनदिनाची पत्रके, मंडळांचे अहवाल येथलेच डीटीपीवाले करतात. ते गुजरातीसाठी ‘एल.एम.जी. अरुण’ किंवा ‘टेराफॉन्ट’ आणि मराठीसाठी जुनाच एखादा टंक वापरत आले. त्यांना दोष कसा देणार? काम संध्याकाळी द्यायचे असते.

गेल्या दहा-बारा वर्षांत लोहितचीच वाट अधिक प्रशस्त झाली आहे. गूगलच्या पाठबळाने मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’, ‘बालू’, ‘मोदक’ असे टंक काढले. राज्य मराठी विकास संस्थेने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ हे मराठी वळणाचे टंक उपलब्ध केले. आता टंकासाठी पैसे मोजायची वेळ सामान्य माणसावर येत नाही. पैसे देणारा बदलला आहे : पूर्वी छापखाना होता, आज मोठी कंपनी किंवा सरकार आहे. मोठ्या कंपनीचा कल बदलला तर मराठीच्या पुढच्या गरजेसाठी कोण पैसे देईल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, आणि त्याचे उत्तर लिपीच्या नव्हे, भाषेच्या संस्थांनी द्यायचे आहे.

राहिले ते आपले जुने कुलूपबंद साहित्य. १९९० ते २०१० या काळात सुरत, बडोदे, बेळगाव, बिदर, इंदूर येथे मराठीत जे काही संगणकावर लिहिले गेले, त्यातले पुष्कळ आजही अशाच फायलींत असणार. त्यांत स्मरणिका आहेत, शाळांची नियतकालिके आहेत, मंडळांची इतिवृत्ते आणि भाषिक हक्कांची निवेदने आहेत. शोधयंत्राला त्यांतला एक शब्द सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी ते मराठी नाहीच. अशा फायली ज्यांच्याकडे असतील त्यांना विनंती अशी : मूळ फाइल पुसू नका, ती कोणत्या टंकात आहे ते नाव फाइलसोबत लिहून ठेवा, आणि कागदावरची एक प्रत जपा. टंकाचे नाव हरवले की परिवर्तकाला कोणते कोष्टक लावायचे हेच कळत नाही.

आणि कोणी घाबरवले, की अमुक कंपनीचा संकेत उलगडणे हा गुन्हा आहे, तर कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ (१) (एबी) दाखवा. १९९९ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम सांगते की ज्याच्याकडे आज्ञावली कायदेशीरपणे आहे, त्याने स्वतंत्रपणे बनवलेल्या दुसऱ्या आज्ञावलीशी तिचा मेळ बसवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याकरिता केलेली कृती हा कॉपीराइटचा भंग नव्हे, मात्र ती माहिती अन्यत्र सहज उपलब्ध नसली पाहिजे. ‘कायदेशीरपणे’ हा शब्द महत्त्वाचा. पॅकेजची पावती आणि डाँगल जुन्या कपाटात असेल, तर तेही टाकून देऊ नका.